स्कूबा डायव्हिंगचा अपघात विमा: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

स्कूबा डायव्हिंगचा अपघात विमा घ्यावा की नाही, असा विचार करणारा माणूस बहुधा आधी अपघाताची शक्यता किती ते पाहतो. हौसेखातर केल्या जाणाऱ्या डायव्हिंगमध्ये डीकम्प्रेशन सिकनेस (वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे झाल्याने होणारा आजार) होण्याचे प्रमाण दर दहा हजार डाईव्हमागे मोजक्याच प्रसंगांचे आहे, हे कळल्यावर विम्याचा हप्ता वायफळ वाटू लागणे स्वाभाविक आहे. परंतु हा विमा त्या शक्यतेच्या आकड्यावर तोलण्याजोगा नाही. दुर्मीळ अपघात झालाच, तर उपचारापर्यंत पोहोचायला किती खर्च येतो आणि तो खर्च कोण उचलणार हे कोणत्या क्षणी ठरते, यावर त्याची किंमत ठरते.

समुद्रात दर 10 मीटर खोलीला जवळपास एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे 30 मीटरवर शरीरावर पृष्ठभागाच्या चौपट दाब असतो आणि श्वासावाटे घेतलेल्या हवेतील नायट्रोजन त्या प्रमाणात रक्तात व ऊतींत विरघळत जातो. वर येताना तो सावकाश बाहेर पडला नाही, तर त्याचे बुडबुडे होतात. सांधेदुखी, मुंग्या, विलक्षण थकवा, चक्कर, पायांतील शक्ती जाणे अशी लक्षणे अनेकदा पृष्ठभागावर आल्यानंतर पहिल्या काही तासांत आणि बहुतेकदा चोवीस तासांच्या आत दिसू लागतात. त्या वेळी माणूस बोटीवरून उतरून खोलीवर पोहोचलेला असतो आणि दुखण्याचे खापर जड सिलिंडरवर फोडून मोकळा होतो. श्वास रोखून वर आल्याने फुप्फुसाला इजा होऊन हवा रक्तवाहिन्यांत शिरणे हा दुसरा प्रकार अधिक भयंकर असून तो दीड-दोन मीटर पाण्यातही घडू शकतो. त्यामुळे 'मी फार खोल जात नाही, मला विमा कशाला' हा युक्तिवाद मला पटत नाही.

दोन्ही आजारांवर प्रथमोपचार म्हणून शुद्ध ऑक्सिजन दिला जातो आणि मुख्य उपचार रीकम्प्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे रुग्णाला पुन्हा वाढीव दाबाखाली ठेवणाऱ्या बंद कक्षात होतो. जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी नौदलाच्या 'ट्रीटमेंट टेबल 6' नुसार रुग्णाला सुरुवातीला 18 मीटर खोलीइतक्या दाबाखाली ऑक्सिजन दिला जातो, पुढे दाब टप्प्याने कमी केला जातो आणि हे एक सत्र पावणेपाच तासांचे असते. लक्षणे उरली तर अशी किंवा याहून लहान सत्रे पुन्हा करावी लागतात. डॉक्टर, तंत्रज्ञ आणि चेंबरच्या आत बसणारा परिचारक एवढा वेळ एका रुग्णासाठी अडकून पडतात, तेव्हा बिल मोठे होणारच.

तरीही मोठा आकडा पुष्कळदा चेंबरपर्यंतच्या प्रवासाचा असतो. डायव्हिंगसाठी माणसे ज्या दूरच्या बेटांवर आणि प्रवाळखडकांवर जातात, तिथे चेंबर क्वचितच असतो. शहरांतील अनेक चेंबर न भरणाऱ्या जखमांच्या उपचारासाठी दिवसाच्या ठरावीक वेळेतच चालतात आणि तातडीचे डायव्हिंग रुग्ण घेतच नाहीत. रुग्णाला साध्या प्रवासी विमानात बसवूनही भागत नाही, कारण केबिनमधील दाब समुद्रसपाटीपेक्षा बराच कमी असतो आणि त्यात शरीरातील बुडबुडे आणखी फुगतात. मग केबिनचा दाब समुद्रसपाटीइतका राखू शकणारे विमान किंवा शक्य तितके कमी उंचीवरून उडणारे हेलिकॉप्टर मागवावे लागते. असे वाहन मागवण्याआधी पैशाची हमी मागितली जाते. ती हमी बोटीवरचा चालक देत नाही आणि घाबरलेल्या सोबत्याकडे तेवढी रक्कम नसते.

आता हातात असलेल्या विम्याकडे पाहू. आरोग्य विमा किंवा प्रवास विमा आहे म्हणून निश्चिंत असणाऱ्यांनी त्यातील वगळलेल्या बाबींचे पान एकदा सावकाश वाचावे. अनेक पॉलिसींत स्कूबा डायव्हिंग साहसी खेळांच्या यादीत टाकून सरसकट वगळलेले असते. काही पॉलिसी ते मान्य करतात, पण विशिष्ट खोलीपर्यंत, प्रमाणपत्र असेल तर किंवा प्रशिक्षक सोबत असेल तरच. आरोग्य विमा रुग्णालयाचे बिल देईलही, परंतु बेटावरून चेंबरपर्यंत नेण्याचा खर्च त्यात बहुधा बसत नाही. कंपनीला दूरध्वनी करून मिळालेले 'हो, चालेल' हे उत्तर दाव्याच्या वेळी कामाचे नसते. 'अमुक खोलीपर्यंत, अमुक प्रमाणपत्रावर केलेल्या डाईव्हनंतरचा चेंबरचा उपचार आणि तिथपर्यंतची वाहतूक देय आहे का' असा नेमका प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे. ते स्पष्ट होकारार्थी आले, तर वेगळा विमा घेण्याची गरज नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवे.

खास डायव्हिंगच्या विम्यात सर्वांत परिचित नाव डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचे, म्हणजे डॅनचे. 1980 मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात सुरू झालेल्या या ना-नफा संस्थेची चोवीस तासांची आपत्कालीन दूरध्वनी सेवा तिथे सदस्य नसलेल्यालाही सल्ला देते, आणि डायव्हिंगचे वैद्यक जाणणारा माणूस पलीकडे असणे ही या संस्थेची मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू आहे. मात्र यातूनच एक गोष्ट उघड होते: सल्ला मोफत मिळत असेल, तर हप्ता भरायचा तो हमी, वाहतूक आणि बिल यांसाठी. अमेरिकी डॅनचे सदस्यत्व आणि तिचा अपघात विमा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. सदस्यत्वात संकटकाळी हलवण्याची सोय असते, चेंबरचा उपचार विम्यात येतो. सदस्यत्वाचे कार्ड खिशात आहे म्हणजे विमाही आहे असे समजणारे डायव्हर कमी नाहीत. शिवाय डॅनच्या वेगवेगळ्या प्रदेशांतील संस्था आपापल्या योजना चालवतात, म्हणून परदेशी मित्राने सांगितलेल्या अटी आपल्या पॉलिसीत असतीलच असे धरू नये. डाईव्हअश्युअरसारख्या इतर योजनांनाही हीच कसोटी लावावी.

योजना कोणतीही असो, पहिल्या पानावरच्या विमा रकमेपेक्षा मी आधी पाहीन ती पैसे देण्याची पद्धत. कंपनी चेंबरला थेट हमी देते की आधी स्वतः भरून नंतर परत मागायचे, आणि ती पहिली देणेकरी आहे की इतर विम्यांनी हात वर केल्यावर उरलेले भरणारी, या दोन मुद्द्यांवर अवाढव्य विमा रक्कम असलेली पॉलिसीही निरुपयोगी ठरू शकते. हलवण्याचा निर्णय कंपनीच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा लागतो, ही अट जवळपास सर्वत्र आढळते. म्हणून स्वतः हेलिकॉप्टर बोलावण्याआधी त्यांना दूरध्वनी करणे भाग असते, आणि तो क्रमांक बोटीवरच्या सोबत्याकडेही असायला हवा.

खरी गुंतागुंत 'अपघात' या कलमात आहे. पाण्यात मृत्यू पावणाऱ्या डायव्हरांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत मूळ कारण हृदयाचा झटका असतो. अनेक पॉलिसींच्या दृष्टीने तो आजार ठरतो, अपघात नव्हे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या डायव्हरने पूर्वीपासूनच्या आजारांविषयीचे कलम आधी वाचावे, कारण कंपनी नेमके त्याच मुद्द्यावर हात आखडता घेते. प्रशिक्षणाआधीच्या वैद्यकीय प्रश्नावलीत दमा असूनही त्या रकान्यात 'नाही' लिहून टाकणाऱ्याला हा विमा वाचवू शकत नाही. प्रमाणपत्राची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे: पायाभूत अभ्यासक्रमाची शिफारस 18 मीटरची असते आणि हौशी डायव्हिंगची सर्वमान्य मर्यादा 40 मीटरची. काही योजना प्रमाणपत्रापलीकडच्या खोलीवर दावा नाकारतात, तर काहींत खोलीची अटच नसते. गुहा, रीब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारे उपकरण), एकट्याने केलेले डायव्हिंग आणि मोबदला घेऊन केलेले काम यांसाठी बहुधा वेगळी किंवा महागडी योजना लागते.

रिसॉर्टच्या उथळ पाण्यात, प्रशिक्षकाचा हात धरून, आयुष्यात एकदाच डाईव्ह करणाऱ्याने वर्षभराची पॉलिसी घ्यावी असे मी म्हणणार नाही. त्या डाईव्हच्या शुल्कात विमा आहे का आणि त्यात चेंबरचा उपचार येतो का, एवढे विचारून त्याने अल्पकाळाची योजना पाहावी. वर्षातून एकदा का होईना, पण चेंबरपासून दूर जाऊन सलग काही दिवस डायव्हिंग करणाऱ्याने मात्र वार्षिक अपघात विमा घ्यावाच, आणि तो निघण्यापूर्वी घ्यावा. सामान हरवणे, सहल रद्द होणे, कॅमेऱ्यात पाणी शिरणे यांची भर घातलेल्या योजना मला हप्त्याच्या मानाने महाग वाटतात. नुकसान झालेच, तर ते खिशातून भरून काढता येते. त्याऐवजी तेच पैसे अपघाताच्या कलमात अधिक व्यापक व्याख्या असलेल्या किंवा चेंबरला थेट हमी देणाऱ्या योजनेवर खर्च करणे मला अधिक योग्य वाटते.