लवंग तेलाचा सीलबंद डबा घेण्यापूर्वी

प्रजननासाठी ठेवलेले रोहू आणि कटला करवीर तालुक्यातील आमच्या शेततळ्यातून पन्हाळ्याकडील तळ्यात हलवायचे होते. मोठा मासा जाळ्यात फडफडला की त्याचे खवले निघतात आणि जखमेवर बुरशी धरते, म्हणून त्याला सौम्य गुंगी देण्यासाठी लवंग तेल घ्यायचे ठरले. या उपायात काही खोटे नाही. तेलातील मुख्य घटक युजेनॉल कल्ल्यांवाटे रक्तात जाते आणि हालचाल मंदावते. हाताळणीसाठी साधारणपणे लिटरमागे ४० ते १०० मिलिग्रॅम मात्रा वापरतात, वाहतुकीसाठी मात्र त्याहून पुष्कळ कमी, कारण वाटेत मासा तोल सांभाळून शांत राहायला हवा.

विक्रेत्याने तळ्यावर येऊन प्रात्यक्षिक दाखवले. स्वतःजवळच्या छोट्या बाटलीतील तेल अल्कोहोलमध्ये मिसळून त्याने टबात ओतले, काही मिनिटांत मासे कलंडले आणि स्वच्छ पाण्यात सोडल्यावर पुन्हा पोहू लागले. ते प्रात्यक्षिक अस्सल होते. खोटा होता तो नंतर हाती दिलेला पाच लिटरचा सीलबंद डबा, ज्यावर ‘शुद्ध लवंग तेल’ एवढेच ठळक छापलेले होते. बॅच क्रमांक, युजेनॉलचे प्रमाण, उत्पादकाचा पत्ता यांपैकी काहीही नव्हते.

मासे हलवताना पाण्यावर तवंग आला, पण एकही मासा शांत झाला नाही. फोनवर विक्रेता म्हणाला, “मात्रा दुप्पट करा.” हा सल्ला भेसळीपेक्षाही घातक आहे, कारण पातळ तेलावर बेतलेली मात्रा पुढे अस्सल तेलाला लावली, तर कल्ल्यांची उघडझाप थांबून मासे टाकीतच मरतात. आम्ही मात्रा वाढवली नाही. मासे तसेच नेले आणि खवले गेलेल्यांपैकी काही पुढे बुरशीने दगावले.

नंतर तेल तपासले. अस्सल लवंग तेल पाण्यापेक्षा जड असल्याने थेंब काडीने बुडवला की तळाशी जातो. आमचा पुन्हा वर आला. एक भाग अस्सल तेल ७० टक्के अल्कोहोलच्या दोन भागांत स्वच्छ विरघळते. आमचे गढूळ होऊन वेगळे झाले. वास मात्र लवंगेचाच होता, कारण वासापुरते तेल फार थोडे लागते. या चाचण्यांत तरंगणाऱ्या खनिज तेलाची भेसळ उघड होते. अल्कोहोलमध्ये विरघळणारी भेसळ त्यांतून निसटू शकते, म्हणून गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचणीचा, अहवाल मागावा आणि त्यावरील बॅच क्रमांक डब्याशी जुळवून पाहावा.

“वनस्पतीचे आहे, त्याच दिवशी मासे बाजारात पाठवा,” असेही विक्रेत्याने ठासून सांगितले होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्याच्या माशांना भूल देण्यासाठी लवंग तेलाला मान्यता दिलेली नाही, हे त्याला ठाऊक नसावे किंवा सांगायचे नसावे.

पैसे मागितल्यावर, ही व्यापारी खरेदी असल्याने आम्ही ग्राहकच ठरत नाही, असे त्याचे उत्तर आले. ते अर्धसत्य आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची खरेदी वगळली असली, तरी स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वापरायला घेतलेली वस्तू त्या वगळणुकीत येत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पक्के बिल, डबा आणि उरलेले तेल पुरावा म्हणून जपून ठेवले आहे.