जुनं मॅमॉड की नवं विलेस्को: दहा महिने दोन्ही चालवल्यावर

खेळण्यातलं वाफेचं इंजिन घ्यायचं तर जुनं घ्यावं की नवं, असं गेल्या दहा महिन्यांत तिघांनी विचारलं. फोनवर दरवेळी अर्धवटच सांगून झालं. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्ही आठवड्याला एकदा तरी पेटतात, म्हणून एकदाचं नीट लिहिते.

आधी थोडं घरातलं. माझे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ही गिरणी. आता तिथे मॉल आहे. घरात भोंग्याच्या आणि पट्ट्याच्या गोष्टी इतक्या ऐकल्या, की वाफेचं इंजिन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे रेल्वे येत नाही. येतं ते एका जागी बसलेलं इंजिन, त्याचं मोठं चाक आणि त्यावरून निघालेला पट्टा. लेकीचं उलट आहे. मोतीबागेतलं नॅरो गेज रेल्वे संग्रहालय ती तीन वेळा पाहून आली आहे, तिला रुळांवरचंच हवं होतं. शेवटी मी तिला समजावलं की स्थिर इंजिनाला पट्टा लावून काहीही फिरवता येतं, आणि आम्ही दोघी त्यावर राजी झालो. त्यामुळे इथलं सगळं स्थिर इंजिनांबद्दल आहे.

जुनं आहे ते मॅमॉड. जेफ्री मॅलिन्स यांनी १९३७ मध्ये बर्मिंगहॅमला ही इंजिनं बनवायला सुरुवात केली, ‘मॅलिन्स मॉडेल्स’चं मॅमॉड झालं. माझं एका सिलिंडरचं आहे, स्पिरिटच्या दिव्यावर चालणारं. या कंपनीने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात स्पिरिट सोडून इंधनाच्या गोळ्या धरल्या, तेव्हा माझं त्याआधीचं. धंतोलीतला एक जुना बंगला रिकामा होत होता, तिथून साडेचार हजारांना मिळालं. विकणाऱ्याने ‘एकदम चालू’ म्हणून दिलं होतं. सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग गंजून जागच्या जागी बसलेली होती आणि बॉयलरच्या एका टोकाच्या सांध्यावर पूर्वी कुणीतरी जाड सोल्डर थापलेलं होतं. रंगाच्या थराखाली ते मला घरी आल्यावर दिसलं.

नवं विलेस्कोचं डी १०. जर्मनीतल्या ल्यूडनशाइडची ही कंपनी १९१२ ची, पण वाफेची इंजिनं तिने १९५० पासून बनवली. भाचा तिकडे शिकतो, त्याने येताना बॅगेतून आणलं. साधारण पंचवीस हजार पडले. इंधनाच्या गोळ्या मात्र आणता आल्या नाहीत. हेक्सामिनच्या त्या गोळ्या ज्वलनशील म्हणून विमानात चालत नाहीत. “मावशी, इंजिन आलं, जेवण राहिलं,” असं त्याने विमानतळावरूनच कळवलं. त्या इथे ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्याकडून मिळाल्या.

आता मुद्द्याचं. जुन्या-नव्यातला खरा फरक रंगाचा, पितळेचा किंवा किमतीचा नाही. नव्यात बॉयलरमधलं पाणी दिसतं, जुन्यात दिसत नाही. बाकी सगळे फरक मला यापुढे दुय्यम वाटतात.

विलेस्कोच्या बॉयलरच्या टोकाला काचेची गोल खिडकी आहे. पाण्याची रेघ त्यात स्पष्ट दिसते. ती खाली आली की लेक स्वतःच सांगते, “आई, बंद कर.” माझ्या मॅमॉडला खिडकी नाही, एका बाजूला छोटा स्क्रू आहे. पाणी भरताना तो उघडा ठेवायचा आणि तिथून पाणी बाहेर यायला लागलं की थांबायचं. म्हणजे सुरुवातीला पाणी किती हे कळतं, नंतर किती उरलं ते कळत नाही. मग बनवणाऱ्याने काय केलं? दिवाच लहान ठेवला. दिव्यात मावणारं स्पिरिट पाण्याच्या आधी संपतं. एक भरणी पाणी, एक भरणी स्पिरिट, दिवा विझला की खेळ संपला. सुरक्षेची सगळी व्यवस्था त्या दिव्याच्या मापात आहे, आणि हे कळायला मला दीड महिना लागला.

झालं असं. दिवाळीत भावंडं आली होती. इंजिन छान पळत होतं, दिवा मंद झाला, आणि मी पाणी न भरता फक्त दिवा पुन्हा भरला. चार-पाच मिनिटांत चाक एकदम वेगात आलं, मग मंदावलं, शिट्टीतून कोरडी फुरफुर आली, आणि मागच्या टोकाखालून एक चमकता थेंब तळाच्या पत्र्यावर पडला. मला आधी पाणी वाटलं. ते सोल्डर होतं.

याचं गणित सोपं आहे. अशा इंजिनांत दाब साधारण दीड बारपर्यंत जातो. त्या दाबाला आतलं पाणी आणि वाफ १२७ अंशांच्या आसपास असतात. पाणी आहे तोवर पितळही त्याच्या फार वर जात नाही, कारण ज्योतीची उष्णता पाणी ओढून घेतं. शिसं-कथलाचं नेहमीचं सोल्डर वितळतं १८३ ते १९० अंशांना. पाणी संपलं की हे अंतर पितळ बघता बघता ओलांडतं. आपल्या कुकरमध्ये पाणी संपलं तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून जातो, थोडक्या पैशांत नवा बसतो. या इंजिनात तसली वेगळी सोय नाही, सांधाच वितळतो.

दुरुस्तीसाठी इतवारीत भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत गेले. एक काका तिथे पितळी भांड्यांचे सांधे जोडून देतात. त्यांनी इंजिन उलटं-सुलटं करून पाहिलं, नखाने सांधा खरवडला. मी म्हटलं, “काका, चांदीचा डाक लावून द्या, म्हणजे पुन्हा सुटणार नाही.” ते म्हणाले, “ताई, चांदीच्या डाकाले लई आग लागते. तेवढ्या आगीत नळीचा सांधा सुटन, शिट्टीचा सुटन, सगळंच हातात येईन. कथलानंच धरू. पण कोरडं तापवलं त पुन्हा सुटन, सांगून ठेवतो.” त्यांनी जुनं थापलेलं सोल्डर आधी पूर्ण पुसून काढलं, पितळ उजळ दिसेपर्यंत घासलं, आणि मगच नवं लावलं. आधीच्याने ही घासणीच केली नव्हती, म्हणून त्याला एवढा जाड थर लागला होता. तो सांधा आठ महिने झाले, पक्का आहे.

दुरुस्तीनंतर मी थेट पेटवलं नाही. बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये हातपंपाने दाब देऊन पाहिला. नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दिला आणि दहा मिनिटं काट्यावर नजर ठेवली. पाण्यानेच का, तर पाणी दाबलं जात नाही. सांधा सुटलाच तर चार थेंब बाहेर येतात आणि दाब लगेच उतरतो. सायकलच्या पंपाने हवा भरून हीच तपासणी कुणी करू नये, दबलेली हवा तुकडे उडवते. जुनं इंजिन घेतलं की ही तपासणी आणि नवा सेफ्टी व्हॉल्व्ह, एवढं केल्याशिवाय काडी ओढायची नाही. व्हॉल्व्हसाठी आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात फिरून उपयोग होत नाही. माझ्या मॅमॉडचे आटे पाव इंची आहेत, इंचाला २६. इथे मिळणारं काहीच त्यात बसत नाही. सुटे भाग इंग्लंडमधून अजून मिळतात, मीही तिथूनच मागवला. ही मॅमॉडची मोठीच जमेची बाजू आहे. इतक्या वर्षांपूर्वीच्या खेळण्याला आजही व्हॉल्व्ह, वॉशर, वात सगळं मिळतं.

वातीवरून आठवलं. त्या काळच्या वातींत आणि गॅस्केटांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. जुनी वात कोरडी ओढून काढू नका, ओली करून काढा, पिशवीत बंद करा आणि नवी घाला. जुन्या रंगात शिसंही असू शकतं, त्यामुळे रंग घासायचं काम मुलांच्या हाती नको.

इंधनाचा अनुभव ऋतूंप्रमाणे बदलला. स्पिरिटची ज्योत स्वच्छ, बॉयलरच्या पोटाला काजळी धरत नाही, पाच मिनिटांत वाफ. पण नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर, उजेडात, ती ज्योत अजिबात दिसत नाही. दिवा विझला समजून मी एकदा हात पुढे नेला आणि केस जळाल्याचा वास आला. तेव्हापासून जुनं इंजिन उन्हाळ्यात फक्त संध्याकाळी, घरात, आणि कूलर बंद करून. कूलरच्या झोतात ज्योत आडवी होऊन बाहेर येते. गरम दिव्यात स्पिरिट ओतायचं नाही. बाटली दुसऱ्या खोलीत ठेवायची, कारण ते विषारीही आहे. गोळ्यांचं असं नाही. त्या सांडत नाहीत, मोजून ठेवता येतात, विलेस्कोच्या ट्रेमध्ये ठेवून ट्रे आत सरकवला की झालं. पण त्यांचा धूर डोळ्यांना झोंबतो आणि बॉयलरखाली चिकट तपकिरी थर बसतो. खिडक्या उघड्या पाहिजेतच. मला स्वतःला स्पिरिटचं इंजिन जास्त आवडतं. लेकीच्या हातात मात्र मी गोळ्यांचंच देते.

पाणी दोन्हींत डिस्टिल्डच घालते, इन्व्हर्टरच्या बॅटरीवाल्यांकडचं. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीवर काय थर बसतो ते रोज दिसतं. तेलाबाबत एक चूक टाळा: शिलाई मशीनचं पातळ तेल वाफेत टिकत नाही, दोन मिनिटांत धुऊन बाहेर पडतं. जाड म्हणून गिअर ऑइल घालाल तर त्यातलं गंधक पितळ काळं पाडतं. वाफेच्या इंजिनाचं खास तेल मागवा, छोटी बाटली वर्षभर पुरते.

आता चालण्याचं सांगते, कारण शेवटी त्यासाठीच घ्यायचं. मॅमॉडचा सिलिंडर जागेवर पक्का नसतो, पाळण्यासारखा झुलतो. झुलताना त्याच्या पाठीवरचं भोक एकदा वाफ येण्याच्या भोकासमोर येतं, एकदा जाण्याच्या. वेगळा व्हॉल्व्ह नाही, दांडे नाहीत, सिलिंडर स्वतःच उघडझाप करतो. दोन सपाट पितळी पृष्ठभाग आणि त्यांना एकमेकांवर दाबून धरणारी एक स्प्रिंग, बस. दाब फार वाढला तर सिलिंडर किंचित उचलला जातो आणि वाफ बाजूने निसटते. लेकीला वाफ कशी काम करते हे मी तोंडाने कितीदा सांगितलं, पण कळलं ते तो झुलता सिलिंडर हाताने हळूहळू फिरवून दोन्ही भोकं एकमेकांसमोर येताना पाहिल्यावर. विलेस्कोच्या डी १० मध्ये सिलिंडर पक्का आहे, वाफ पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी ढकलते, त्यामुळे ते मंद वेगातही अडखळत नाही आणि दांडी फिरवून उलटंही चालतं. ओझं ओढायला हेच चांगलं. मोडक्या खेळण्यातली मोटर आम्ही लाकडाच्या तुकड्यावर बसवली, इंजिनाच्या चाकावरून तिच्यावर जाड सुती दोरा घेतला आणि ती फिरून वीज देईल म्हणून तिला एक छोटा एलईडी लावला. विलेस्कोवर तो स्थिर जळतो, मॅमॉडवर लुकलुकतो. रबर बँड लावून पाहिला होता, तो तेलाने सैल होऊन निसटला.

विलेस्कोबद्दल तक्रारी आहेत. भट्टीच्या तोंडाशी पत्र्यावरचा रंग तीन महिन्यांतच करपला. बॉयलरवरच्या निकेलवर पाण्याच्या थेंबांचे डाग राहतात, गरम असतानाच पुसावं लागतं. शिवाय उघडून आत बघावंसं वाटलं तरी मी अजून उघडलेलं नाही. मॅमॉडचा प्रत्येक स्क्रू मी काढून परत लावला आहे.

तेव्हा पहिलंच इंजिन असेल आणि घरात मूल असेल, तर पैसे साठवा आणि खिडकीवालं नवं घ्या. जुनं दुसरं म्हणून घ्या, तेही खरेदीच्या किमतीइतकेच आणखी पैसे दुरुस्तीला बाजूला ठेवून. मला साडेचार हजारांचं इंजिन नऊ हजारांच्या वर गेलं. घेताना सेफ्टी व्हॉल्व्ह बोटांनी उचलला जातो का पाहा, टोकांचे सांधे उजेडात तिरपे धरून पाहा, आणि बॉयलरच्या पोटाचं पितळ गुलाबी झालेलं दिसलं तर सोडून द्या. तसल्या पितळेतलं जस्त गेलेलं असतं.

सगळ्यात सुंदर दिवस डिसेंबरचे. मे महिन्यात वाफ बाहेर पडताच कोरड्या हवेत नाहीशी होते, काही दिसतच नाही. थंडीतल्या सकाळी गच्चीवर तीच वाफ पांढरीशुभ्र, हातभर उंच जाते. मिलीभर पाण्याची पावणेदोन लिटरच्या आसपास वाफ होते, हे तेव्हा डोळ्यांना पटतं. दिवा विझल्यावर उरलेली वाफ आम्ही शिट्टीत घालवतो, मग इंजिन कोमट असताना व्हॉल्व्ह काढून, उलटं करून पाणी ओततो आणि व्हॉल्व्हचं भोक उघडं ठेवूनच कपाटात ठेवतो, म्हणजे आत ओल राहत नाही. शिट्टी वाजवायची पाळी या रविवारी लेकीची आहे.