एका संगणकावर दोन इंकस्केप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात आमचे अक्षरजुळणीचे कार्यालय आहे. गेल्या जूनमध्ये तेथील तिन्ही संगणकांवर लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचे तीन प्रकार बसवले: एकावर उबुंटू २४.०४, दुसऱ्यावर लिनक्स मिंट २२ आणि तिसऱ्यावर फेडोरा, कारण त्या नव्या यंत्राचे वाय-फाय फेडोराच्या ताज्या कर्नलवरच (प्रणालीच्या गाभ्यावरच) चालले. तिन्ही प्रणाली चांगल्या आहेत, त्यांची तुलना मला करायची नाही. लिहायचे आहे ते त्यांच्यावर प्रोग्रॅम बसवण्याच्या पद्धतींविषयी, कारण माझा सर्वाधिक वेळ तेथेच खर्ची पडला.

उबुंटू आणि मिंट डेबियन या जुन्या लिनक्सच्या वंशातले, म्हणून त्यांची पॅकेजे (प्रोग्रॅम बसवण्याचे गठ्ठे) डेब स्वरूपाची. फेडोरा रेड हॅट या कंपनीच्या घराण्यातला, त्याची आरपीएम. नव्वदच्या दशकापासूनचा हा भेद केवळ आज्ञांचा असता, म्हणजे इकडे एपीटी आणि तिकडे डीएनएफ एवढाच, तर भिंतीवर एक कागद चिकटवून भागले असते. पण पॅकेजांची नावेही वेगळी असतात. ज्या वेब सर्व्हरला डेबियन ‘अपाचे२’ म्हणते, त्याच सर्व्हरचे फेडोरातील नाव ‘एचटीटीपीडी’. एकाच वंशातही नावे बदलतात. ३२ बिटी यंत्रांवर २०३८ साली वेळेची मोजणी कोलमडू नये म्हणून जे बदल झाले, त्यांत उबुंटू २४.०४ मधील ‘लिबफ्यूज२’ या लायब्ररीच्या (प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडच्या संचाच्या) नावाला ‘टी६४’ असे शेपूट लागले आणि आधीच्या २२.०४ आवृत्तीच्या काळातली माझी टिपणवही त्या पानापुरती बाद झाली.

एक मानक ठरवण्याचा प्रयत्न झाला होता. लिनक्स स्टँडर्ड बेस या सामायिक मानकाने पॅकेजांसाठी आरपीएम हेच स्वरूप ठरवले, आणि डेबियनने ते आपले म्हणून कधी स्वीकारले नाही; पेठेतल्या दोन मंडळांना ‘मिरवणूक एकच काढा’ असे सांगण्यासारखेच ते होते. २०१५ मध्ये डेबियनने त्या मानकाचा बहुतेक भाग सोडूनही दिला.

यावर तोडगा म्हणून आलेली स्वरूपे आज तीन आहेत: फ्लॅटपॅक, स्नॅप आणि अ‍ॅपइमेज. प्रोग्रॅमला लागणाऱ्या बहुतेक लायब्ऱ्या सोबत किंवा सामायिक संचातून द्यायच्या, म्हणजे खालची प्रणाली कोणती याने फरक पडू नये, ही त्यांमागची कल्पना. मात्र उबुंटूने २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप म्हणूनच दिला, एपीटीने मागितला तरी स्नॅपच येतो; आणि त्याच उबुंटूवर उभ्या असलेल्या मिंटने २०२० पासून स्नॅपला मुळातच मज्जाव केला आहे. भांडण मिटले नाही, एक मजला वर गेले.

गणपतीच्या आधी एका मंडळाचे कार्यकर्ते अहवालाचे फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन आले. फाइल मॅनेजरमध्ये फोटो दिसत होते, पण चित्रे जुळवण्याच्या प्रोग्रॅममध्ये तो पेन ड्राइव्हच दिसेना. आधी मी पेन ड्राइव्हला दोष दिला, मग मंडळाला. वस्तुतः फ्लॅटपॅक किंवा स्नॅपमधून बसवलेले प्रोग्रॅम बंदिस्त असतात आणि परवानगीशिवाय बाहेरच्या ड्राइव्हला हात लावत नाहीत. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे आणि परवानगी एका आज्ञेने देता येते, पण गिऱ्हाईक समोर उभे असताना ती आज्ञा आठवत नाही. आता फ्लॅटपॅकसाठी फ्लॅटसील नावाचे साधन बसवले आहे, त्यात ही परवानगी एका बटणाने मिळते.

खरा त्रास दिवाळी अंकाच्या वेळी झाला. मिंटवर इंकस्केप (रेखाचित्रे काढण्याचा प्रोग्रॅम) दोनदा बसले होते, एकदा एपीटीने मी आणि एकदा फ्लॅटपॅकमधून माझ्या सहकाऱ्याने. मेनूत दोन्हींचे चिन्ह तेच, नाव तेच. अंकासाठी ठरवलेली रंगपट्टी मी एकात साठवली आणि सहकारी दुसरे उघडून ‘दादा, रंग कुठे गेले?’ असे विचारत बसला. पहिले इंकस्केप आपली मांडणी होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘कॉन्फिग’मध्ये ठेवते, दुसरे ‘व्हार’च्या आतल्या स्वतःच्या कोपऱ्यात, आणि एकाला दुसऱ्याची खबर नसते. फ्लॅटपॅक जागा फार खातो अशी तक्रार नेहमी ऐकू येते; मला जागेची अडचण कधीच आली नाही, कोणते काम कोणत्या प्रतीत केले हे लक्षात ठेवण्याची मात्र रोज येत होती.

नोव्हेंबरपासून आमचा नियम साधा आहे. प्रणाली, छपाईयंत्राचे ड्रायव्हर, टंक आणि मराठी टंकलेखनाची साधने त्या त्या प्रणालीच्या स्वतःच्या पॅकेजांतून. रोजच्या कामाचे प्रोग्रॅम तिन्ही यंत्रांवर फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या भांडारावरून. आणि कोणताही प्रोग्रॅम दोन वाटांनी नाही. त्यामुळे तिन्हींवर इंकस्केपची आवृत्ती एकच राहते आणि कोणी कोणत्या खुर्चीवर बसावे हा वाद संपला.

अपवाद फक्त स्क्रायबस या पाने जुळवण्याच्या प्रोग्रॅमचा. देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवणारी व्यवस्था त्यात १.५ च्या मालिकेत आली आणि आमची जुनी पुस्तके त्याच मालिकेत जुळवलेली आहेत. ती १.६ मध्ये उघडली की काही पानांवर ओळी सरकतात, म्हणून पुनर्मुद्रणासाठी १.५ ची एक अ‍ॅपइमेज वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. ती उबुंटूच्या यंत्रावर चालवण्यापूर्वी तेच शेपटीचे ‘लिबफ्यूज२टी६४’ हाताने बसवावे लागले.