सेकंडच्या टॉवेलचं दुकान आणि आमच्या माठाचं कव्हर

दर उन्हाळ्यात माठ निघाला की मी त्याला ओलं फडकं गुंडाळते आणि ते घसरत घसरत बुडाशी येऊन बसतं, म्हणून यंदा ठरवलं की नीट मापाचं कव्हरच शिवायचं. कापडासाठी अशोक चौकाकडच्या एका गल्लीतल्या सेकंडच्या मालाच्या दुकानात गेले, आणि सोलापुरात राहून ज्यांनी असं दुकान पाहिलं नसेल त्यांनी एकदा तरी जाऊन याच.

सेकंड म्हणजे काय तर कुठं धागा निसटलाय, कुठं काठ वाकडा, कुठं तेलाचा बारका डाग, बाकी तोच आपला सोलापुरी टर्किश टॉवेल. चादरीचे तुकडेपण असतात. सगळं किलोवर, आणि ढिगाशी बसून निवडू देतात, कुणी घाई करत नाही. काका म्हणाले, "अक्का, उजेडाला धरून बगा, भोक असलं तर लगेच दिसतंय." दोन चांगले तुकडे त्यांनीच काढून दिले. फक्त अर्ध्या किलोच्या खाली देत नाहीत.

कव्हर अगदी सोपंय. सुतळीनं माठाच्या पोटाचा घेर मोजा, चार बोटं जास्त धरा, उभी एक टीप मारा, वरखाली काठ दुमडून नाडी ओवा, झालं. मशीन नसलं तर हातशिलाईनंपण होतं. पण कापायच्या आधी कापड दोनदा गरम पाण्यात धुऊन वाळवा, हे फार महत्त्वाचंय! मी तसंच कोरं शिवलं तर पाणी वरून ओघळून जायचं, माठ काही गार होईना. विणताना सुताला खळ लावतात, ती निघाल्याशिवाय टॉवेल पाणी पीत नाही, आणि धुतल्यावर आटतोपण, त्यामुळं माझं पहिलं कव्हर घट्ट होऊन वाया गेलं. सॉफ्टनर अजिबात घालू नका, त्यानं शोषण कमी होतं.

दुसरं कव्हर मात्र मस्त बसलं. टर्किश टॉवेलवरच्या धाग्यांच्या फाशांमध्ये पाणी जास्त वेळ राहतं आणि एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या हवेत ते उडताना माठातली उष्णता घेऊन जातं, फडक्यापेक्षा फरक पहिल्याच दिवशी कळला. माठ सावलीत, वारा लागेल असा ठेवा. खाली परात ठेवलीय, निथळलेलं पाणी तुळशीला, कारण आपल्याकडं नळ रोज कुठं येतो.

तक्रार एकच. लाल चादरीचा तुकडा घेताना रंग पक्का आहे म्हणून सांगितलं होतं, तो दोन धुण्यांत सुटला आणि पांढरा टॉवेल गुलाबी झाला, तेव्हा रंगीत तुकडे वेगळेच भिजवा. त्या लाल तुकड्याच्या पट्ट्या कापून वेणी घातली, वेणी गोल फिरवत टाके घातले, मोरीपुढं पायपुसणं झालं.

शेजारच्या काकूंनी त्यांच्या रांजणाचा घेर मोजून दिलाय, शनिवारी परत जायचंय.