बेळगावच्या उद्यमबागेतलं स्लीव्हिंग: जुन्या पद्मिनीचे ब्रेक सिलिंडर तिथे द्यावेत का?

जुन्या प्रीमियर पद्मिनीचे ब्रेक बांधायला काढले की खरा पेच सिलिंडरचा असतो. चारही चाकांना ड्रम, सिलिंडर बिडाचे, आणि खानापूर पट्ट्यातल्या पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पिस्टनपुढचा रबरी कप जिथे टेकून राहतो नेमके तिथेच बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीला, गंजाचे खड्डे पडतात. त्यावर नवा रबर किट टाकून उपयोग नाही. खड्ड्याची धार कपाची ओठी कापते आणि थोड्याच दिवसांत ड्रममध्ये ऑइल उतरून लायनर (ड्रमला घासणारं ब्रेकचं अस्तर) भिजतात. भिजलेला लायनर धुऊन वापरू नये, बदलावाच.

बाजारात या गाडीचे नवे सिलिंडर मिळतात, पण दर्जाचा भरवसा नाही. त्यापेक्षा मूळ कास्टिंग ठेवून आत स्टेनलेसची स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी, बसवून घेणं मला जास्त पटतं, आणि त्यासाठी बेळगावकरांना लांब जायला नको. उद्यमबागेत हायड्रॉलिक्सची कामं करणारी वर्कशॉप आहेत. होनिंग, म्हणजे बोअर आतून दगडानं घासून मापाला आणणं, हा तिथल्या कारागिरांचा रोजचा हात आहे. जुना बोअर मोठा करायचा, साधारण दीड मिमी जाडीची स्लीव्ह दाबून आणि रिटेनिंग कंपाउंड (धातूचे भाग घट्ट धरणारा चिकट पदार्थ) लावून बसवायची, मग मूळ मापावर होन करायचं. हे काम तिथे फार सुरेख होतं. बोअर गोल आणि सरळ येतो, फिनिश आरशासारखी. कोरडा पिस्टन हळूच आत सरकतो, आणि शेजारून फट मोजायची 0.15 मिमीची फीलर पट्टी जात नाही. त्या कामाला नाव ठेवायला जागा नाही.

अडचण भोकांची आहे. हायड्रॉलिक्सच्या टर्नरला ब्रेकचं मास्टर सिलिंडर (पॅडलनं दाबलं जाणारं मुख्य सिलिंडर) रोज दिसत नाही. त्यात टाकीकडून ऑइल येणारी दोन भोकं असतात: एक मोठं, दुसरं जेमतेम 0.7 मिमीचं. पॅडल सोडल्यावर तापून फुगलेलं ऑइल याच बारीक भोकातून टाकीत परततं. स्लीव्हनं ते झाकलं, किंवा नवं भोक मिलिमीटरभर सरकून कपाखाली गेलं, तर ब्रेक सुटत नाही. ड्रम तापतो, ऑइल आणखी फुगतं आणि चोर्ला घाट उतरताना चाकं जाम होतात. म्हणून काम देण्याआधी बोअरच्या तोंडापासून दोन्ही भोकांचं अंतर व्हर्नियरनं मोजा आणि कागदावर चित्र काढून मिमीत लिहून द्या. कारागीर मराठी बोलणारा असो वा कन्नड, चित्रावर वाद होत नाही. भोकं शेवटच्या होनिंगच्या आधी पाडायला सांगा, म्हणजे भोकाच्या काठाला आत आलेली बर (धातूची खरखरीत कड) होनमध्ये निघते. तरी घरी आणल्यावर कापसाचा बोळा बोअरमधून फिरवा. भोकाशी एक तंतू जरी अडकला तरी परत न्या. चाकाच्या सिलिंडरमध्ये हीच काळजी हवा काढायच्या निपलच्या भोकाची. ते अर्धवट झाकलं गेलं तर कितीही पंप करा, पॅडल स्पंजासारखंच लागतं.

दुसरी तक्रार सफाईची. सिलिंडर कटिंग ऑइल आणि डिझेलनं माखलेले हातात येतात. खनिज तेल लागलं की ब्रेकचं रबर फुगतं, म्हणून रॉकेलनं धुऊन किट भरणं म्हणजे नवा किट वाया घालवणं. साबणाच्या गरम पाण्यानं धुवा, हवा मारून सुकवा, मग स्पिरिटनं पुसा. कप बसवताना ग्रीस नको, ताजं ब्रेक ऑइलच लावा. डॉट 3 प्रतीचं चालतं, पण ड्राय (ओलावा न शिरलेल्या ऑइलचा) उत्कलनबिंदू किमान 205 अंशांऐवजी 230 असलेलं डॉट 4 घाटासाठी बरं.

दर नगावर ठरतो. चाकांचे सगळे सिलिंडर आणि मास्टर एकदम दिले तर मशीनचं सेटिंग एकदाच करावं लागतं, त्यामुळे भाव बोलायला जागा मिळते. सोबत पिस्टन आणि नवे कप द्यायलाच हवेत. नुसतं माप सांगून दिलेलं काम मला मान्य नाही.

बसवल्यावर पुशरॉडला मिलिमीटरभर ढील ठेवा. हवा मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून काढा, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागच्या डाव्यापासून. मग पॅडल आणि सीटमध्ये लाकडी दांडा अडकवून रात्रभर दाब राहू द्या. सकाळी सिलिंडरच्या तोंडावरचं रबरी बूट (धूळ अडवणारं टोपण) उलटून बघा. ओल कपाच्या बाजूनं असेल तर किट तपासा. स्लीव्ह आणि बिडाच्या सांध्यावर ओलं कडं दिसलं तर कंपाउंड नीट बसलेलं नाही, तो नग तसाच वर्कशॉपला परत द्या.