इंजेक्टर बदलल्यावर घटलेले ॲव्हरेज: आडगाव नाक्याजवळील डिझेल वर्कशॉपचा अनुभव

पिंपळगाव बसवंतहून कांदा घेऊन वाशीला जाणाऱ्या आमच्या बीएस-४ दहाचाकी गाडीला परतीच्या मालासह कसारा घाट चढताना ओढ कमी पडत होती, म्हणून एका ठिकाणी मोठ्या नोझलचे (डिझेल फवारणाऱ्या तोंडाचे) इंजेक्टर आणि टाकीतून डिझेल ओढणारा नवा फीड पंप बसवून घेतला होता. ओढ थोडी वाढली, पण लिटरमागे चार किलोमीटरचे ॲव्हरेज सव्वातीनवर आले. बसवणाऱ्यांनी "डिझेल जास्त लागणारच" एवढेच उत्तर दिले. नाशिकच्या आडगाव नाक्याजवळच्या या वर्कशॉपने मात्र पाना हातात घेण्याआधी मोजमाप केले, आणि म्हणूनच मी त्याची मनापासून शिफारस करतो.

मुख्य मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला तो ॲव्हरेज कसे काढले, हा. डॅशबोर्डवरचा आकडा जवळपास पूर्वीइतकाच दिसत होता. त्यांनी समजावले की ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, डिझेल प्रत्यक्ष मोजत नाही. इंजेक्टर किती वेळ उघडला आणि रेलमध्ये (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) दाब किती होता, यावरून ते हिशेब करते आणि तो हिशेब मूळ नोझलचा असतो. त्यामुळे एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरून, फेरी करून, पुन्हा तितकीच भरून आलेला आकडाच त्यांनी ग्राह्य धरला.

टायरची हवा, ब्रेक ड्रम आणि एअर फिल्टर लवकर तपासून झाले. टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपाच्या क्लॅम्पखाली तेलाचा ओलसर काळा पट्टा दिसला. तेथून टर्बोची हवा गळत होती, म्हणजे चढावर डिझेल वाढत होते आणि ते जाळायला हवा अपुरी पडत होती. काळा धूर त्याचाच. घाटातील मूळ तक्रारही बहुधा याच पाइपाची होती, जी इंजेक्टर बदलण्यापूर्वी कोणी पाहिलीच नव्हती. फीड पंपाच्या सक्शन लाइनला (टाकीकडून येणाऱ्या नळीला) पारदर्शक नळी जोडल्यावर तिच्यातून बुडबुडे धावताना आम्हाला दाखवण्यात आले, म्हणजे डिझेलात हवा शिरत होती. वॉशर बदलताच ते थांबले. त्यानंतर प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न, म्हणजे न फवारता परत जाणारे डिझेल, वेगवेगळ्या मापनळीत घेतला, तेव्हा एक नळी इतरांच्या कितीतरी आधी भरली, म्हणजे तो इंजेक्टर आतून गळत होता. स्कॅनरवर तर ईसीएममध्ये जुन्याच इंजेक्टरचे कोड (प्रत्येक इंजेक्टरच्या मोजमापानुसार भरायचे) निघाले.

कारखान्याच्या प्रोग्रॅमवर मोठे नोझल चालवून पूर्वीचे ॲव्हरेज मिळणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. मूळ मापाचे इंजेक्टर बेंचवर (चाचणी यंत्रावर) तपासून, त्यांचे कोड ईसीएममध्ये भरून बसवल्यावर आणि पाइप बदलल्यावर गाडी पुन्हा चारच्या जवळ आली, आणि घाटात ओढही पुरेशी मिळते. सातपूरला बॉशचा कारखाना असल्याने नाशकात नोझलचे जाणकार कमी नाहीत. तरी असा क्रमाने शोध घेणारे विरळाच.

तपासणीचे शुल्क वेगळे आकारतात, काम केले नाही तरी. मला ते योग्य वाटते, कारण येथे विकला जातो तो निदानाचा वेळ. मात्र रिटर्नचे आकडे लेखी देत नाहीत, ही उणीव मोठी आहे. पुढच्या तपासणीत तुलना करायला मालकाजवळ काहीच उरत नाही. बेंच एकच असल्याने कांद्याच्या हंगामात थांबावे लागते, म्हणून आधी फोन करून आणि दोन-तीन फेऱ्यांच्या डिझेलच्या पावत्या किलोमीटरसह घेऊनच जावे.