परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचंय? ब्रिटन, जर्मनी, अमेरिका की नेपाळ, नाशिककरांसाठी व्हिसाची तुलना

काही महिने परदेशात स्वयंसेवक म्हणून काम करावं, असं वाटणारी माणसं नाशिकमध्ये कमी नाहीत. पदवी हातात आल्यावर नोकरीत अडकण्याआधी एक वर्ष वेगळं काही करू पाहणारी मुलं आहेत, नर्सिंग आणि फिजिओथेरपी शिकून बाहेर पडलेल्या मुली आहेत, निवृत्त झालेले पण घरी बसायला तयार नसलेले शिक्षक आहेत. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या देशाचा व्हिसा सोपा? माझ्या मते सुरुवात तिथून करूच नये. किती महिने जायचंय ते आधी ठरवावं आणि तुमच्या नावाने कागदावर सही करायला कोणती संस्था तयार आहे ते शोधावं. ही दोन उत्तरं मिळाली की देश बहुतेक वेळा त्यातूनच ठरतो.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. 'आपण पगार घेणार नाही, मग टुरिस्ट व्हिसावर गेलं तर काय बिघडलं?' हे वाक्य सतत कानावर येतं आणि काही एजंटही ते बिनदिक्कत सांगतात. पण बऱ्याच देशांच्या कायद्यात बिनपगारी काम हेही कामच असतं. थायलंडचं उदाहरण घ्या. पर्यटक म्हणून तिथे जाणं सोपं आहे, पण शाळेत फुकट इंग्रजी शिकवायचं असलं तरी वेगळा 'नॉन-इमिग्रंट ओ' व्हिसा लागतो आणि वर्क परमिटही लागतं. पकडलं गेलं तर दंड होतो, परत पाठवणी होते, आणि पुढच्या प्रत्येक देशाच्या अर्जात 'तुम्हाला कधी परत पाठवलंय का?' या रकान्यात 'हो' लिहावं लागतं. दोन महिन्यांच्या चांगल्या कामासाठी आयुष्यभराचा हा डाग कशाला लावून घ्यायचा?

ब्रिटन: दार उघडं, पण खर्च तुमचा

ब्रिटनमध्ये यासाठी स्वतंत्र व्हिसा आहे, 'चॅरिटी वर्कर'. जास्तीत जास्त १२ महिने राहता येतं. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि आपल्या मुलांना ही मोठी सोय वाटते. मात्र ब्रिटिश गृहखात्याचा परवाना असलेल्या संस्थेने 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप', म्हणजे तुम्हाला पुरस्कृत करत असल्याचा दाखला, दिल्याशिवाय अर्जच करता येत नाही. परवानाधारक संस्थांची यादी गृहखातं सगळ्यांसाठी उघडी ठेवतं. संस्थेचं नाव त्या यादीत आहे का आणि त्यापुढे चॅरिटी वर्करचा उल्लेख आहे का, हे घरबसल्या पाच मिनिटांत कळतं. एजंटला एक रुपया देण्याआधी एवढं तरी नक्की करा.

काम कोणतं, यावर इथे अनेकांचा अर्ज अडतो. संस्थेच्या मूळ उद्देशाला थेट हातभार लावणारं प्रत्यक्ष काम हवं: अपंग व्यक्तींच्या निवासात मदत करणं, बेघरांच्या निवाऱ्यात काम करणं. ऑफिसातलं रोजचं कारकुनी काम, संस्थेच्या दुकानात विक्री, देणग्या गोळा करणं, ऑफिसची देखभाल, ही कामं या व्हिसात बसत नाहीत. म्हणून संस्थेच्या पत्रात 'ऑफिस सपोर्ट' असं काही दिसलं तर आधीच विचारून घ्या. कायमस्वरूपी जागा भरण्यासाठीही हा व्हिसा वापरता येत नाही. पगार मिळत नाही, फक्त वाजवी खर्च मिळतो.

आता पैसे. एप्रिल २०२५ मध्ये अर्जाची फी ३१९ पौंड झाली होती. त्यावर आरोग्य अधिभार (तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीची रक्कम) वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे आजच्या दराने सव्वा लाख रुपयांच्या आसपास, आणि तो आगाऊ भरायचा. संस्थेने तुमच्या खर्चाची हमी दिली नसेल तर खात्यात किमान १,२७० पौंड सलग २८ दिवस दिसले पाहिजेत, आणि या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आतला हवा. आपल्याकडे घोटाळा होतो तो नेमका इथे. वडील एफडी मोडतात, रक्कम मुलाच्या खात्यात टाकतात आणि चार दिवसांनी अर्ज जातो. पैसे खरे असतात, घरचेच असतात, तरी अर्ज फेटाळला जातो, कारण २८ दिवस पुरे झालेले नसतात. त्या काळात शिल्लक एकच दिवस मर्यादेखाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. भारतातून अर्ज करताना व्हिसाची एकूण मुदत ६ महिन्यांच्या आत असेल तर आरोग्य अधिभार लागत नाही. ६ महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांनाच क्षयरोगाची तपासणी सक्तीची असते, आणि ती कोणत्याही हॉस्पिटलात नाही तर मान्यताप्राप्त केंद्रातच करून घ्यावी लागते. व्हिसा देताना कामाच्या तारखांना मागेपुढे काही दिवस जोडले जातात, त्यामुळे बरोबर सहा महिन्यांचं काम घेतलंत तर मुदत त्यापलीकडे जाईल. बजेट तंग असेल तर संस्थेशी पाच महिन्यांचं बोला. सव्वा लाख वाचणं ही मध्यमवर्गीय घरात लहान गोष्ट नाही.

आणखी एक वाट आहे, खास आई-बाबांसाठी. मुलगा किंवा मुलगी लंडनला आहे, भेटायला जायचंच आहे, तर साध्या व्हिजिटर व्हिसावरही नोंदणीकृत चॅरिटीसाठी जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते. भेटीचा मुख्य हेतू मात्र दुसरा असला पाहिजे. निवृत्त शिक्षकांना मी हाच मार्ग आधी सुचवते.

जर्मनी: खर्च संस्थेचा, पण भाषा तुमची

जर्मनीत गणित नेमकं उलटं होतं. तिथे सक्तीची लष्करी भरती होती तेव्हा लष्करात जायला नकार देणारे तरुण त्याऐवजी हॉस्पिटलं आणि वृद्धाश्रमांत सेवा करत. २०११ मध्ये ही भरती स्थगित झाली, तसे ते हातही गेले, आणि त्याच वर्षी सरकारने संघीय स्वयंसेवा सुरू केली. तिला थोडक्यात 'बीएफडी' म्हणतात. २७ वर्षांखालच्या तरुणांसाठी त्याहून जुनी 'एफएसजे' योजना आहे, ती १९६४ पासूनची. पर्यावरणाच्या कामासाठी 'एफओजे' आहे. जर्मनीला या माणसांची खरोखर गरज आहे आणि म्हणून ती त्यांना सांभाळते.

सांभाळणं म्हणजे काय, ते करार वाचलात की दिसतं. कामाचं ठिकाण, आठवड्याचे तास, दरमहा मिळणारा पॉकेटमनी, राहण्या-जेवणाची सोय किंवा त्याऐवजी रक्कम, सुट्ट्या, वर्षभरात २५ दिवसांची शिबिरं, असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. आरोग्य विम्यासह सामाजिक विम्याचे हप्ते संस्था भरते. दीर्घ मुदतीच्या व्हिसाची फी ७५ युरो आहे, म्हणजे ब्रिटनच्या एकूण खर्चाच्या तुलनेत किरकोळ. करारातला पॉकेटमनी आणि निवास मिळून उदरनिर्वाह भागतोय असं दिसलं की विद्यार्थ्यांसारखे लाखो रुपये ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात) अडकवण्याची वेळ सहसा येत नाही. ज्या घरात दोन-तीन लाख बाजूला काढणं अवघड आहे, त्या घरातल्या मुलामुलीने जर्मनीचाच विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

पण फुकट काहीच नाही. काम पूर्ण वेळचं असतं आणि अंगमेहनतीचंही. वृद्धाश्रमातल्या आजींना सकाळी उठवणं, अंघोळीला मदत करणं, भरवणं, त्यांच्याशी बोलत बसणं, हे सगळं जर्मनमध्ये. भाषेची ए-१ ही अगदी पहिली पातळी पुरत नाही. ए-२ तरी हवीच, बी-१ असेल तर संस्था आनंदाने घेते आणि व्हिसा अधिकाऱ्याचीही खात्री पटते. शून्यातून तिथवर जायला नेमाने अभ्यास केला तर सहा-आठ महिने लागतात. नाशिकमध्ये क्लास आहेत, गटे इन्स्टिट्यूटची जर्मन भाषेची परीक्षा मात्र मुंबई किंवा पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात देण्याची तयारी ठेवा.

अधिकारी एक प्रश्न हमखास विचारतात: हेच काम आपल्या देशात का करत नाही? याला 'जर्मन संस्कृती आवडते' हे उत्तर पुरेसं नाही. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर आरोग्य शिबिरांत काम केलं असेल, गोदाकाठच्या स्वच्छतेत हात लावला असेल, तर ते तारखांसह सांगा आणि संस्थेचं पत्र जोडा. येत्या सिंहस्थात स्वयंसेवकांची मोठी गरज पडणार आहे. पुढच्या वर्षी-दोन वर्षांनी परदेशी जायचं मनात असेल तर त्या कामाची नोंद आणि प्रमाणपत्र आवर्जून घ्या. स्वयंसेवेनंतर तिथेच नर्सिंगच्या प्रशिक्षणाला लागायचा विचार असेल तर तो लपवू नका. असा विचार करणारे बरेच असतात आणि अधिकाऱ्यांना ते माहीत असतं. लपवलेली गोष्ट मुलाखतीत बाहेर आली की विश्वास जातो.

अमेरिका: सगळं एका पत्रावर आणि काही मिनिटांच्या मुलाखतीवर

अमेरिकेत स्वयंसेवकांसाठी वेगळा व्हिसा नाही. बी-१ या प्रकारात 'स्वयंसेवा कार्यक्रम' बसतो, पण संस्था मान्यताप्राप्त धार्मिक किंवा ना-नफा धर्मादाय असली पाहिजे. अमेरिकेतून पगार घेता येत नाही, राहण्या-खाण्याचा खर्च घेता येतो. वस्तू विकणं आणि देणग्या मागणं चालत नाही. संस्थेचं पत्र हा इथे कणा आहे. त्यात तुमचं नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ, भारतातला कायमचा पत्ता, अमेरिकेत प्रथम कुठे जाणार आणि काम किती काळ चालणार, हे सगळं हवं. 'आम्ही यांचं स्वागत करतो' एवढंच लिहिलेलं गोडगोड पत्र निरुपयोगी.

डीएस-१६० या ऑनलाइन व्हिसा अर्जानंतर १८५ डॉलर फी, बोटांचे ठसे, आणि मग बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. अमेरिकी कायदा मुळातच असं धरून चालतो की अर्जदार तिथे कायमचा राहायला येतोय, आणि तसं नाही हे तुम्ही पटवायचं असतं. त्यामुळे नुकतीच पदवी घेतलेल्या, नोकरी नसलेल्या मुलापेक्षा रजा मंजूर करून घेतलेला सातपूरचा इंजिनिअर किंवा पेन्शन घेणाऱ्या बाई इथे जास्त भक्कम ठरतात. नकार आला तर फी परत मिळत नाही. पंचवटी एक्सप्रेसने जाऊन ठशांचं काम एका दिवसात उरकता येतं, मुलाखत सकाळची असेल तर मात्र आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करा. मोबाइल आत नेता येत नाही, तो सांभाळायला कुणीतरी सोबत न्या.

पासपोर्टवर आधीच बी-१/बी-२ शिक्का असेल आणि एखाद्या कार्यक्रमासाठी जात असाल, तरी हे पत्र सोबत ठेवा आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला खरं कारण सांगा. किती दिवस राहायचं ते तोच ठरवतो.

नेपाळ: व्हिसाच नको, पण डोळे उघडे हवेत

भारत-नेपाळमधल्या १९५०च्या करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही. नाशिकरोडहून काशी एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा. विमानाने जाणाऱ्या प्रौढांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्यावं, आधार चालत नाही. खर्चाच्या आणि कागदांच्या दृष्टीने याच्याशी कुणाचीच बरोबरी होत नाही. ज्याने कधी घर सोडलेलं नाही त्याने पहिला अनुभव इथेच घ्यावा, भाषेचीही फार अडचण येत नाही.

अडचण वेगळीच आहे. व्हिसा नाही म्हणजे तुमची संस्था तपासणारं कुणी सरकारी माणूस मध्ये नाही, ते काम तुमच्यावर येतं. नेपाळमधल्या अनेक तथाकथित अनाथाश्रमांतली मुलं अनाथ नसतात हे वारंवार उघड झालंय. परदेशी स्वयंसेवक आणि त्यांच्या देणग्या याव्यात म्हणून गावाकडच्या गरीब आईबापांना शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं आणली जातात. म्हणून 'दोन आठवडे अनाथ मुलांसोबत' अशी जाहिरात असेल तर जाऊच नका, आणि त्यासाठी पैसे मागत असतील तर मुळीच नाही. शेती, पाणी, शाळेची दुरुस्ती, आरोग्य केंद्र अशी कामं निवडा आणि संस्था तिथल्या समाजकल्याण परिषदेशी संलग्न आहे का ते विचारा. भूतानलाही आपल्याला व्हिसा लागत नाही, पण परवाना लागतो आणि मुक्कामाच्या दर रात्रीमागे १,२०० रुपये शुल्क आहे, त्यामुळे लांबच्या मुक्कामाला तो परवडत नाही.

मग कुणी काय निवडावं?

वय पंचविशीच्या आत, पैसे कमी, वर्ष मोकळं, भाषा शिकायची तयारी: जर्मनी, दुसरा विचार नको. इंग्रजी ठीक आहे, भाषा शिकायला वेळ नाही, पण घरून दीड-दोन लाखांचा आधार आहे: ब्रिटन, तेही शक्यतो सहा महिन्यांच्या आतलं. नोकरीतून दोन-तीन महिन्यांची रजा मिळते आणि ओळखीची पक्की संस्था आहे: अमेरिका. या महिन्यातच निघायचंय: नेपाळ.

नर्सिंग किंवा फिजिओथेरपी झालेल्यांनी एक काळजी घ्यावी. तिथली नोंदणी नसताना रुग्णावर उपचार करायला सांगितले तर नकार द्या, मग संस्था कितीही आग्रह करो. तुमचं काम मदतनीसाचं आहे, आणि ते करारात तसंच लिहून घ्या.

कोणताही देश ठरला तरी पासपोर्ट आधी बघा. मुदत वर्षभरापेक्षा कमी उरली असेल तर आपल्या नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नूतनीकरण करून मगच पुढची तारीख घ्या. नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, आधारवर दुसरं आणि लग्नानंतरचं तिसरं असेल तर त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून तेच काम आधी हातात घ्या. पोलीस क्लिअरन्स मागितलं तर त्याचा अर्जही पासपोर्ट सेवा पोर्टलवरूनच होतो. वर दिलेल्या फी बदलत राहतात, तेव्हा भरण्याच्या दिवशी त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर आकडा पाहूनच पैसे भरा, एजंटच्या व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवरून नको.